तवा जाड हवा

परवा इंदूरच्या जेल रोडजवळच्या एका जुन्या सामानवाल्याकडे माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे खरं तर माझ्या मिटलेल्या डोळ्यांदेखत, उस्ताद अमीर खाँ साहेब विकले गेले. साडेतीनशे रुपयांना. घेणाऱ्याने घासाघीससुद्धा केली नाही, हे मला जास्त लागलं.

त्या दुकानात खाँ साहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीच्या दोन प्रती एकदम निघाल्या होत्या. एक जुनी, जाड, कव्हर उंदरांनी चाखलेलं. दुसरी मागाहून निघालेली, पातळ, चकचकीत, कव्हरही शाबूत. गवई तोच, राग तेच, मग दोन प्रतींत फरक कसला, असं लोक विचारतात. आमच्या घरात तर हे जेवायला बसताना विचारलं जातं.

फरक असतो. मूळ आवाज लॅकरच्या तबकडीवर कोरतात, तिच्यावर धातू चढवून उलटा ठसा काढतात, त्यावरून मदर म्हणजे धातूची सुलटी तबकडी, मदरवरून स्टॅम्पर म्हणजे पुन्हा उलटा साचा, आणि त्या स्टॅम्परखाली गरम व्हिनाईल दाबलं की तुमची-आमची रेकॉर्ड, म्हणजे जुन्या लोकांचा ‘तवा’. स्टॅम्पर झिजतो. त्यामुळे पहिल्या काही प्रतींत जी धार असते ती मागच्यांत उरतेच असं नाही. पुन्हा काही वर्षांनी नवीन प्रत काढायची तर टेप म्हातारी झालेली, कोरणारा माणूस वेगळा, त्याचे कानही वेगळे. त्यात १९७३च्या तेलटंचाईनंतर प्लास्टिक महागलं आणि जगभर रेकॉर्डी बारीक होत गेल्या. म्हणून आम्ही लोक लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवरचा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे प्रत कुठल्या कोरणीतून निघाली ते सांगणारा आकडा, मोबाईलच्या उजेडात वाचत बसतो. बायको म्हणते, ‘अहो, मुलाची मार्कशीट तुम्ही इतकी बारकाईने बघितली नव्हती.’ त्या मार्कशीटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, हे मी बोलत नाही.

असो. माझ्याकडे सेलवर चालणारा छोटा प्लेअर आहे, तो पिशवीत घालूनच मी निघतो. उलट्या घातलेल्या क्रेटवर बसलो, हेडफोन लावले आणि आधी जाड प्रत ऐकली. तानपुरा असा गोल, की खर्ज पोटात उतरावा. मग पातळ प्रत लावली. इथे तोच तानपुरा शेजारच्या खोलीत लावल्यासारखा, आणि खाँ साहेब जरा सर्दी झालेले. खात्री करावी म्हणून डोळे मिटले. झुमरा तालाचं एक आवर्तन झालं असेल. त्यांचा झुमरा म्हणजे चौदा मात्रांत माणूस सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन गराडू, म्हणजे तळलेलं कंद, खाऊन येईल. डोळे उघडले तर जाड प्रत एका तरुणाच्या काखेत.

दाढी कोरलेली, दोन्ही हातांत मिळून डझनभर रेकॉर्डी.

‘अरे भाई, ये मैं देख रहा था.’

‘भिया, आप तो सो रिये थे.’

मी शांतपणे विचारलं, घरी कुठला प्लेअर आहे?

‘प्लेअर का क्या करना? घड़ी बनेगी. कैफे खोल रिया हूँ. एक दीवार पे पूरी बारा घड़ियाँ. लंदन, दुबई, न्यूयॉर्क, सब.’

‘म्हणजे बारा शहरांच्या बारा वेळा?’

‘नी नी, टाइम तो सबका इंदौर काइच रहेगा. पब्लिक को कन्फ्यूज नी करना.’

मी पातळ प्रत पुढे केली. म्हटलं, ही घे, बघ कशी चमकते, कव्हरही चांगलं आहे. त्याने ती दोन बोटांत धरून जरा वाकवली, माझ्या काळजात कळ आली, आणि परत दिली.

‘पतलावाला ड्रिल में चटक जाता है भिया. अपने को मोटाइच चइये.’

जुन्या प्रेसिंगची बाजू इतक्या ठामपणे घेणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

मग त्याने कव्हर निरखलं. हे कोण? सांगितलं, अमीर खाँ साहेब, इंदूरचे. वडील होळकर दरबारात सारंगी वाजवायचे. गडी एकदम फुलला. ‘अपने इंदौर के? तो इनको गल्ले के ऊपर लगाऊँगा!’ आणि लगेच, ‘कौन सी साइड सामने रखूँ?’

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मारवा सूर्यास्ताचा, दरबारी उत्तररात्रीचा. त्याने खरंच विचार केला. ‘कैफे ग्यारा बजे बंद. तो मारवा. पर पोहे तो सुबे से रहेंगे. सुबे का कुछ नी है इनका?’

‘ललत आहे. पण वेगळ्या एलपीवर.’

‘वो भी दिलवा दो.’

मी दुकानदाराकडे वळून पाचशे म्हटलं, सातशे म्हटलं. त्याने छातीवर हात ठेवला. ‘जबान दे दी, भिया.’ याच सद्‌गृहस्थाने माझ्यासाठी बाजूला ठेवलेला नाट्यपदांचा अख्खा गठ्ठा मागे दुसऱ्याला विकला होता. तेव्हा जबान कुठे गेली होती कोण जाणे. आणि मला उरलेली पातळ प्रत त्याने चारशेला लावली, कारण आता ‘एकच पीस’ राहिला होता.

त्या पोराचा राग तरी किती करायचा? त्याने निदान पैसे मोजले. आमच्या रामबागेत एका वकिलांच्या मुलांनी वडिलांच्या तबकड्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या. चर्चा झाली ती एवढीच, की ओल्यात टाकायच्या की सुक्यात. स्वच्छतेत देशात पहिलं यायचं म्हटल्यावर माळे रिकामे होणारच. आणि तेच लोक पुढे दिवाणखान्यात शोभेला म्हणून पितळी भोंग्याचा नकली ग्रामोफोन आणून ठेवतात. तो वाजत नाही. वाजावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मागे मोबाईलच्या स्पीकरवर कुणीतरी ठणाणा करत असतो. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेणारी वस्तू भिंतीवर गप्प लटकवायची आणि तिच्यावर मिनिटाला एक फेरी घेणारा काटा बसवायचा, याला ही मंडळी संगीताची आवड म्हणतात.

निघताना त्याने माझा नंबर घेतला होता. काल फोन आला.

‘भिया, वो आपके खाँ साब वाली घड़ी है ना, बाकी सब ठीक चल री हैं, ये अकेली पीछे जा री है. रोज दस-दस मिनिट. मोटे तवे में ऐसा होता है क्या?’

मी सेल बदल म्हटलं.

‘नया डाला है. आप एक बार आके सुन लो ना.’