हुमणीच्या डब्यातील माश्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सवडीने आणि मुद्देसूद लिहिलेत, त्याबद्दल आभार. उसाच्या शेतातून आणलेल्या हुमणीच्या (मातीत राहून मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या) अळ्यांतून निघालेल्या माश्यांवरील माझ्या लेखाला आपले दोन आक्षेप आहेत. हुमण्या पाळलेल्या डब्यात ढिगाने निघालेल्या बारीक, कुबड आलेल्या माश्यांना मी परोपजीवी म्हटले नाही, हा पहिला. मोठ्या माशीबाबत ‘टॅकिनिडी कुळातील’ (ज्या कुळातील माश्यांच्या अळ्या इतर किड्यांच्या अंगात वाढतात) एवढ्यावर न थांबता ‘प्रोसेना’ हे त्यातील प्रजातीचे नाव द्यायला हवे होते, कारण ती हुमणीवर वाढते हे प्रसिद्धच आहे, हा दुसरा. दोन्ही मला मान्य नाहीत.

त्या बारीक माश्या फोरिडी कुळातील आहेत. या कुळात खरे परोपजीवी आहेत, ढालकिड्यांच्या (लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या) कोषांवर वाढणारी फॅलॅक्रोटोफोरा त्यांपैकीच एक. त्यामुळे शंका घेण्याचे कारण कूळ नव्हे, डबा आहे. मेगासेलिया स्कॅलॅरिस ही फोरिड तर कीटक पाळणाऱ्यांची जुनी डोकेदुखी. मेलेल्या किड्याच्या वासावर ती येते आणि झाकणाच्या फटीतूनही आत शिरते. आपणच लिहिले आहे की आपल्या डब्यात अनेक अळ्या एकत्र होत्या व काही मरून काळ्या पडल्या होत्या. एकत्र ठेवलेल्या हुमण्या एकमेकींना चावतात, जखमा चिघळतात, आणि मग माशीने जिवंत अळी गाठली की मेलेली, हे पुढे कोणत्याही भिंगातून ठरवता येत नाही.

मोठ्या माशीची गोष्ट वेगळी होती. अळी जिवंत असतानाच स्वतंत्र डब्यात होती, आणि माशीची अळी बाहेर पडल्यावर हुमणीचे रिकामे कातडे मी उघडून पाहिले. आतल्या बाजूला तपकिरी, नरसाळ्याच्या आकाराचे आवरण चिकटलेले होते. टॅकिनिडची अळी श्वासासाठी यजमानाच्या, म्हणजे ज्या किड्यात ती वाढते त्याच्या, त्वचेला किंवा श्वासनलिकेला भोक पाडते, आणि त्या घुसखोरीला आवर घालण्यासाठी यजमानाचे शरीर जे वेष्टन तयार करते, त्याचीच ही नळी बनते. मेलेल्या हुमणीत असे वेष्टन तयार होण्याचा प्रश्नच नाही. माझ्या लेखी सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

कुळाबद्दलही आपण केवळ पंखाच्या शिरेवर भिस्त ठेवली आहे. टोकाजवळ वळलेली ती शीर घरमाशीलाही असते. मागच्या पायाच्या मुळावर, छातीच्या बाजूला राठ केसांची उभी ओळ दिसली की घरमाशी बाद होते, पण मांसावर वाढणाऱ्या सार्कोफॅगिडी माश्या उरतातच, कारण ती ओळ त्यांनाही असते. त्यांना वगळायचे तर माशी आडवी धरून पाठीच्या टोकावरील त्रिकोणी ढालीच्या खाली पाहावे लागते. टॅकिनिडमध्ये तिथे ठळक फुगवटा असतो आणि माझ्या नमुन्यात तो स्पष्ट आहे.

आता प्रोसेना. तिची सोंड डोक्यापेक्षा कितीतरी लांब, बारीक आणि ताठ असते. लेखातील छायाचित्रात माशीचे तोंड आखूड आहे, म्हणजे ते नाव तिथेच निकालात निघते. समजा छायाचित्र नसते, तरी यजमानावरून नाव देणे मला पटले नसते. हुमणीतून निघालेल्या प्रत्येक टॅकिनिडला प्रोसेना म्हटले, तर हुमणीवर आणखी कोणत्या जाती वाढतात हे कधी कळणारच नाही. जातीपर्यंत जायला बहुधा नराचे जननावयव तपासावे लागतात आणि माझ्याकडे मादीच आहे. शेतकऱ्याला नाव हवे असते हे खरे, पण चुकीच्या नावामागे चुकीच्या सवयीही येतात: माशी अंडी कुठे घालते, अळी मातीत हुमणी कशी शोधते, सगळेच.

आपल्याकडील मोठ्या माश्या अजून ठेवलेल्या असतील, तर त्या अल्कोहोलमध्ये टाकू नका. केस चिकटून बसतात. टाचणीवर सुकवा, आणि कोषाचे रिकामे टरफल त्याच टाचणीवर चिकटवा, कारण त्याच्या मागच्या टोकावरील श्वासरंध्रांचा आकार ओळखीला उपयोगी पडतो. फोरिड मात्र अल्कोहोलमध्येच ठेवा.