क्लेम टाकू की खिशातून करू?

गेल्या महिन्यात बाइक आडवी झाली. वेग फारसा नव्हता. वळणावर बारीक खडी पसरली होती, पुढचं चाक सटकलं आणि काही कळायच्या आत मी एकीकडे, गाडी दुसरीकडे. मध्ये दुसरं कुणी नव्हतं, हे नशीब. उठल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कुणी बघितलं का ते बघितलं. दुखतंय का हे नंतर.

गाडी उचलली, स्टार्टर दाबला, तर आवाजच नाही. पोटात गोळा आला. मग आठवलं, गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून परत फिरवली की झालं. हे मी स्वतः दहा जणांना सांगितलंय. त्या क्षणी मात्र आठवायला दोन-तीन मिनिटं लागली, यावरून डोकं किती ठिकाणावर होतं ते समजा. आणि नेमक्या याच अवस्थेत आपण ठरवून टाकतो की "जाऊ दे, विम्याचा क्लेमबिम काही नको, गुपचूप करून घेऊ."

ही पोस्ट त्या 'गुपचूप'बद्दल आहे.

माझ्या बघण्यात जे जे लोक खिशातून करतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी हिशेब केलेलाच नसतो. लाज वाटलेली असते. एवढी वर्षं गाडी चालवतोय आणि खडीवर पडलो, हे फॉर्मवर कुठे लिहायचं? गाडी लवकरात लवकर पहिल्यासारखी दिसली की पडलोच नाही असं होतं. उलट बाजूचे लोक म्हणतात, "प्रीमियम भरतोय ना दरवर्षी, मग वसूल करायचा." हेही मला पटत नाही. विमा म्हणजे भिशी नव्हे, की आपला नंबर लागला म्हणून उचलायची. दोन्हीकडे गाडीकडे कुणी बघितलेलंच नसतं.

माझा जुना अनुभव सांगतो. सात-आठ वर्षं झाली असतील. खड्डा चुकवताना पुढचं चाक दुभाजकावर आदळलं. हँडल वाकडं झालं होतं, म्हणजे चाक सरळ आणि हँडल डावीकडे तोंड करून. मी रस्त्यातच पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडल हिसडलं आणि सरळ केलं. चालवत घरी आलो, हेडलाइट आणि मडगार्ड बदललं, एक इंडिकेटर लावला. काम फत्ते. क्लेम न करता निभावलं म्हणून वर फुशारकीही मारली.

चार महिन्यांनी पुढचा टायर एकाच बाजूने घासलेला दिसला. हँडलवरची पकड सैल केली की गाडी डावीकडे जायची. ब्रेक मारला की पुढून कट्कन आवाज. खोलल्यावर कळलं: डावा फोर्क पाइप (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक) बेंड, टी (त्या नळ्या वर धरून ठेवणारा क्लॅम्प) बेंड, कोन सेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) गेलेला. खर्च पहिल्या दुरुस्तीच्या कितीतरी पट. तेव्हा कुठे विमा आठवला. पण त्यांना दाखवू काय? फोटो एकही नाही. जुने पार्ट भंगारात गेलेले. मधल्या चार महिन्यांत गाडी रोज रस्त्यावर. हा बेंड त्याच पडण्यातला आहे याला पुरावा काय? नाही म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हणालो असतो.

आणि पैशाचं सोडा. चार महिने मी वाकलेल्या पुढच्या भागावर गाडी पळवत होतो, मागे घरच्यांना बसवून.

हे गुडघ्यांत चाक धरून हँडल सरळ करणं वाईट नाही, एक लक्षात घ्या. फोर्क पाइप क्लॅम्पमध्ये नुसते फिरलेले असतील तर क्लॅम्पचे बोल्ट आणि ॲक्सल सैल करून सगळं परत एका रेषेत बसवायचं, हीच रीत आहे. पण फिरलेलं आणि वाकलेलं यात फरक आहे आणि तो उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. पाइप बहुतेक वेळा खालच्या क्लॅम्पच्या लगेच खाली वाकतो आणि डोळ्याला सरळच दिसतो.

यावेळी मी पाइप बाहेर काढून घेतले. मेकॅनिकने जाड काचेचा तुकडा आडवा ठेवला, त्यावर पाइप ठेवला आणि बोटाने हळू फिरवला. सरळ पाइप शांतपणे लोळतो. वाकडा असेल तर फिरताना मध्येच खालून उजेडाची फट दिसते आणि परत मिटते. मग बारीक फरक मोजणारं डायल गेज लावून नक्की आकडा काढायचा. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाइपच्या बाकाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. म्हणजे दोन साध्या कागदांच्या जाडीइतकी. एवढ्याशा फरकावर क्लेम टाकायचा की नाही हे ठरतं आणि आपण ते टाकीवरचा पोचा बघून ठरवत असतो!

प्रेसवर दाबून पाइप सरळ करून देणारेही भेटतात. मी करून घेणार नाही. एकदा वाकलेला धातू परत वाकवला की आत काय झालंय ते वरून दिसत नाही. लिव्हरचंही तेच. ॲल्युमिनियमचा क्लच लिव्हर वाकला तर पान्याने ओढून सरळ करू नका, नवीन घ्या. माझ्या लिव्हरचं फक्त टोक तुटलं. अनेक लिव्हरना टोकाजवळ मुद्दाम खाच दिलेली असते, तिथेच तुटावं आणि उरलेल्या दोन बोटांच्या लिव्हरवर घर गाठता यावं म्हणून. कंपनीच्या कुणा इंजिनिअरने माझं पडणं आधीच धरून चाललेलं होतं, हे बघून जरा बरं वाटलं.

आता हिशेब. रुपये सांगत नाही, कारण तुमची गाडी वेगळी, पॉलिसी वेगळी. दुरुस्तीचा खर्च १०० धरा. त्यातले ६० प्लास्टिकचे: हेडलाइट, डूम (हेडलाइटभोवतीचं कव्हर), साइड पॅनल. माझ्या पॉलिसीत प्लास्टिकवर जुनेपणापोटी निम्मा घसारा कापतात, म्हणजे ३० गेले. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं असतं तर हे वाचले असते. सुरुवातीचे १० आपणच भरायचे असतात, तेही गेले. हातात आले ६०. मग नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाते. पुढच्या वर्षी प्रीमियम जास्त, त्याच्या पुढच्या वर्षीही जास्त पण फरक थोडा कमी, असं बोनस पुन्हा मूळ पायरीवर येईपर्यंत मोजलं तर माझ्या बाबतीत साधारण ४० निघाले. म्हणजे एवढा उपद्व्याप करून उरले २०. त्यासाठी गाडी दोन-तीन आठवडे सर्व्हिस सेंटरला उभी.

आता तीच गाडी, पण पाइप, टी, रिम सगळं गेलं आणि खर्च ३०० झाला असं धरा. प्लास्टिक १०० चं असेल तर घसारा ५०. आपला वाटा तोच १०. हातात २४०. आणि बोनसचं नुकसान? तेच ४०. कारण तुम्ही क्लेम केला एवढंच बोनसला कळतं, केवढ्याचा केला ते कळत नाही. निदान माझ्या पॉलिसीत तरी तसंच आहे. उरतात २००. याला सोडून देणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

मात्र बोनस प्रीमियमच्या कुठल्या भागावर मिळतो ते आधी वाचा. माझ्याकडे तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर आहे, एकूण रकमेवर नाही. एका मित्राने एकूण रकमेवर टक्के काढले, बोनसचं नुकसान दुप्पट दिसलं आणि घाबरून भलीमोठी दुरुस्ती खिशातून केली.

बोनस वाचवायला माणसं लहान नुकसान स्वतःच भरतात, ही गोष्ट विमा गणित करणाऱ्यांना चांगली माहीत आहे. त्यांच्याकडे याला नावही आहे: बोनसची भूक. बेल्जियमचे ॲक्च्युअरी जाँ लमेर यांनी यावर गणितच मांडलं, की अमुक बोनसवर असलेल्या माणसाने किती रकमेपर्यंतचं नुकसान स्वतः सोसावं. फ्रान्समधली पद्धत बघा. बिनअपघाताच्या दर वर्षाला प्रीमियमचा गुणक ५ टक्क्यांनी उतरतो आणि चूक तुमची असेल तर एका अपघाताला २५ टक्क्यांनी चढतो. म्हणजे एक चढण उतरायला जवळपास पाच वर्षं. तेव्हा ही भूक काही मूर्खपणाची नाही. फक्त आकडा मांडून भूक लागू द्या.

कुणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीचं, भिंतीचं, कशाचंही नुकसान असेल, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि लगेच कळवा. रस्त्यावर हातमिळवणी करून, चार नोटा देऊन मिटवलेलं प्रकरण तिथे मिटत नाही. समोरच्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मान हलवता येत नाही, तेव्हा ते नव्याने सुरू होतं.

यावरून माझं मनगट. पडताना हात टेकला होता. सूज थोडीशीच, बोटं हलत होती, म्हटलं मुरगळलंय. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबलं आणि मी किंचाळलो. एक्स-रे स्वच्छ. तरी त्या म्हणाल्या, "पट्टी ठेवा, दहा दिवसांनी परत काढू. इथल्या एका छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही." दहा दिवसांनी खरंच काही नव्हतं. पण बाई दोनदा बघून मग सोडतात आणि आपण गाडी एकदाही न बघता सोडतो, हे तिथे बसल्या बसल्या मनात आलं.

अडचण एकच आहे. खोलल्याशिवाय नुकसान कळत नाही आणि विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या आधी खोललं तर क्लेम अडकू शकतो. मी यावेळी असं केलं: गाडी पडली तिथेच, उचलायच्या आधी फोटो काढायला हवे होते, ते राहिले. घरी आल्यावर चारी बाजूंनी काढले, नंबर प्लेट आणि मीटरचा आकडा धरून. त्याच दिवशी कंपनीला कळवलं. नुसतं कळवल्याने क्लेमची नोंद होते का आणि मागे घेतला तर बोनसला धक्का लागतो का, हे विचारलं. नाही म्हणाले. पुढचा भाग खोलून बघू का, हेही विचारलं आणि 'फोटो काढून खोला' हे उत्तर मेलवर मागून घेतलं. फोनवर कुणी काय म्हणालं ते महिन्याभराने कुणालाच आठवत नसतं.

एका शहाण्याने सल्ला दिला, "टाकीवरचा जुना पोचाही यातच घाल." अरे, जुन्या पोच्यात मळ बसलेला असतो, कडेला गंज असतो. नवीन ओरखड्यात धातू चकाकतो. सर्व्हेअर रोज हेच बघतो. एका पोच्यापायी खरा क्लेम संशयात घालायचा?

गाडी जुनी असेल तर आणखी एक भानगड. विम्याची रक्कम दरवर्षी उतरत जाते, पार्टच्या किमती मात्र उतरत नाहीत. नुसतं प्लास्टिक आणि हेडलाइट बदलायचं म्हटलं तरी इस्टिमेट फुगतं आणि चालती गाडी कागदावर टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी, ठरू शकते. गाडीवर जीव असेल तर क्लेम टाकायच्या आधी हे विचारात घ्या. ज्यांचा जीव नाही त्यांना उलट हे सोयीचंच.

माझे दोन्ही पाइप काचेवर शांत लोळले. गेजवर मर्यादेच्या बरेच आत. रिम ठीक, डिस्क ठीक, कोन सेट ठीक. डूमच्या मागची पट्टी वाकली होती, तेवढी बदलली. मग मी क्लेम मागे घेतला आणि खिशातून केलं. लिव्हर, आरसा, फूटरेस्ट, इंडिकेटर मी घरीच बसवले, दोन रविवार गेले. फोर्क परत चढवून बोल्ट आवळायचं काम मात्र मेकॅनिककडे, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच लावून. इंजिन कव्हरवरचा ओरखडा तसाच ठेवलाय. पाइप वाकडा निघाला असता तर त्याच संध्याकाळी क्लेम पुढे रेटला असता आणि लाजबिज काही वाटली नसती.

हेल्मेट तेवढं नवीन घेतलं, ते माझ्या पॉलिसीत बसत नव्हतं. जुन्यावर एका बाजूला नखाएवढा ओरखडा आहे, बाकी चकाचक. पण आतला थर्माकोल एकदाच दबतो, परत फुगत नाही. ते टाकून देण्याआधी पट्टा कात्रीने कापला. नाहीतर घरातलंच कुणीतरी "चांगलं तर आहे की" म्हणून डोक्यावर चढवेल.