कागदावरच्या सीमेत अडकलेला हापूस

क्रॉफर्ड मार्केटात हापूसच्या पेट्या लागल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: 'जग आता एक गाव झालंय. अंतर संपलं, सीमा फक्त कागदावर उरल्या, एकच माल जगभर खपतो. संशोधनाने सिद्ध!' संशोधनाचं नाव घेतलंच आहे, तर ते काय म्हणतं ते बघू.

अंतर संपलं? अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी 1962 मध्ये मांडलं की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थेच्या आकाराप्रमाणे वाढतो आणि अंतराप्रमाणे घटतो. डिस्डिए आणि हेड या संशोधकांनी 2008 मध्ये अशा 103 अभ्यासांतले 1,467 निष्कर्ष एकत्र तपासले. अंतर 10 टक्क्यांनी वाढलं की व्यापार सरासरी 9 टक्क्यांनी कमी. कंटेनर आले, जेट विमानं आली, तरी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अंतराचा हा जाच कमी झालेला नाही, उलट वाढलेलाच दिसतो. आंब्याचा फोटो सेकंदात न्यूजर्सीला पोचतो, हे कबूल. पेटी पोचत नाही.

एकच माल जगभर? मॅकडोनाल्ड्सने 1996 मध्ये इथे दुकान मांडलं ते गोमांसाचा बर्गर बाहेर ठेवून, आणि वडापावच्या गावात शेवटी बटाट्यालाच शरण गेली.

राहिल्या सीमा. अर्थशास्त्रज्ञ मॅकॅलम यांनी 1995 मध्ये दाखवलं की कॅनडाचे प्रांत आपसात जो व्यापार करतात तो तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच लांबच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या 20 पटींहून जास्त आहे. हा आकडा फुगलेला होता; 2003 मध्ये अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी गणित सुधारलं, तरी औद्योगिक देशांमधल्या व्यापारात सीमेमुळे 20 ते 50 टक्के घट उरलीच.

आणि आपला हापूस? अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर वाशीसारख्या केंद्रात विकिरण होतं, म्हणजे किडीचा बंदोबस्त करायला किरणांचा मारा, तेही तिकडच्या कृषी खात्याचा निरीक्षक हजर असेल तरच. कोविडमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, म्हणून 2020 आणि 2021 असे दोन हंगाम निर्यात बंद. इकडे फळ तयार, तिकडे गिऱ्हाईक तयार, मधे एक माणूस नाही.

मे 2025 मध्ये तर नवी मुंबईत विकिरण झालेल्या 15 खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडवल्या. तक्रार किडीची नव्हती, विकिरणाच्या कागदपत्रांची होती. माल परत आणणं परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट करायला दिला.