सत्तावीस मुद्दे आणि एक नाक

जानेवारी २०१९ मधल्या एका रविवारी आम्ही ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून, भरतीची वेळ साधून सुटणाऱ्या बोटीने ठाण्याची खाडी पाहायला गेलो. खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित आहे, हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. परंतु जन्म ठाण्यात जाऊनही ते पक्षी मी जवळून पाहिलेले नव्हते. त्या दिवशी पाहिले आणि मोबाइल उंचावून चौसष्ट फोटो काढले. संध्याकाळी सौभाग्यवतींनी त्यांतला सर्वांत चांगला फोटो निरखून पाहिला आणि विचारले, "चिखलात हे सोडे कोणी वाळत घातलेत?" आमच्या कायस्थ घरात सोड्यांविषयी, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीविषयी, थट्टेने बोलण्याची पद्धत नाही. म्हणजे प्रश्न प्रामाणिक होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. त्याच रात्री मी खरा कॅमेरा घेण्याचा निश्चय केला.

माझ्या बाबतीत निश्चय आणि खरेदी यांच्यामध्ये तुलना येते. ठाणे स्थानकावर इथूनच सुटणारी, बसायला जागा देणारी धीमी गाडी घ्यावी की मागून येणारी, उभ्याने नेणारी जलद गाडी घ्यावी, याचा साधकबाधक विचार करताना मी दोन्ही गाड्या जाताना पाहिलेल्या आहेत. अशा माणसाने कॅमेऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. कारण त्या वर्षी कॅमेऱ्यांच्या जगात नेमके दोन तट पडलेले होते आणि दोन्ही तटांचे प्रतिनिधी माझ्या परिचयाचे होते.

पहिला तट डीएसएलआरचा. त्याचे प्रतिनिधी म्हणजे डोंबिवलीचे माझे मेहुणे. या प्रकारात लेन्समधून आलेला उजेड आत तिरप्या बसवलेल्या आरशावर आपटतो, तिथून वरच्या बाजूला परावर्तित होतो आणि व्ह्यूफाइंडरमधून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, क्षणभर अंधार होतो, मागच्या सेन्सरवर चित्र उमटते आणि आरसा खाली येतो. या सगळ्या उचलठेवीचा जो 'खटाक्' असा आवाज होतो, त्यावर मेहुण्यांचे निस्सीम प्रेम होते. "भाऊजी, हा आवाज आला की समोरच्या माणसाला कळतं, की आपला फोटो निघाला," असे ते म्हणत. फ्लेमिंगोला हे कळण्याची काय गरज आहे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

दुसरा तट मिररलेसचा. त्याचा प्रतिनिधी आमच्या वाशीच्या कार्यालयातील एक तरुण सहकारी. या प्रकारात आरसाच नसतो. उजेड थेट सेन्सरवर पडतो, सेन्सरला जे दिसते ते व्ह्यूफाइंडरमधल्या चिमुकल्या पडद्यावर उमटते आणि आपण तो पडदा पाहतो. फोटो काळपट येणार असेल तर तो काढण्याआधीच काळपट दिसतो. "सर, डीएसएलआरमध्ये तुम्ही जग बघता आणि यामध्ये तुम्ही फोटो बघता," असे तो म्हणाला. हे वाक्य मला इतके आवडले, की त्यावर विचार करण्यात वाशी ते ठाणे हा सगळा प्रवास गेला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी घरात आणखी एक आरसा आणावा की नाही, हाही प्रश्न होताच; पण तो मी मेहुण्यांपुढे काढला नाही.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा आहे. त्यामुळे मी संगणकावर एक्सेलचा तक्ता उघडला, डाव्या रकान्यात निकॉनचा डी५६०० हा डीएसएलआर घेतला, उजव्या रकान्यात नुकताच जाहीर झालेला सोनीचा अल्फा ६४०० हा मिररलेस घेतला, आणि त्यांच्या गुणावगुणांचे एकूण सत्तावीस मुद्दे एकाखाली एक मांडले. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण द्यायचे होते. वजनाचा मुद्दा पहिला होता. बॅटरी आणि कार्डासह निकॉन ४६५ ग्रॅम, सोनी ४०३ ग्रॅम. मिररलेस हलका असतो, असा जो डंका पिटला जातो त्याचा अर्थ येथे ६२ ग्रॅम होता, म्हणजे साधारण एक बटाटावडा. तो वडा मी रोज संध्याकाळी स्थानकाबाहेर उचलतो आणि त्याच्या भाराबद्दल कधी तक्रार केलेली नाही. शिवाय दूरचे पक्षी टिपणारी लांबलचक लेन्स लावली की दोन्हीकडे हातात अडकित्त्याऐवजी खलबत्ता आल्यासारखे वाटते, ते वेगळेच. तरीही सोनीला आठ आणि निकॉनला सात गुण दिले, कारण तक्ता केला की गुण द्यावेच लागतात.

बॅटरीच्या मुद्द्यावर मात्र मेहुणे जिंकले. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या चाचणीप्रमाणे निकॉन एका बॅटरीत ९७० फोटो काढतो आणि सोनी व्ह्यूफाइंडर वापरल्यास सुमारे ३६०. कारण उघड आहे. आरशाला उजेड परतवायला वीज लागत नाही. पडद्याला नुसते आपण पाहत बसलो तरी लागते. मी स्वतः फोटो कमी काढतो आणि पाहत बसतो जास्त, हे लक्षात घेता हा मुद्दा माझ्यासाठी गंभीर होता. त्यावर सहकाऱ्याने डी५६०० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीची सुमारे ९५ टक्केच रुंदी आणि तेवढीच उंची दिसते, हे शस्त्र काढले. म्हणजे कडेचे थोडे जग आपल्याला दिसत नाही, पण फोटोत येते. न बोलावता पंगतीत येऊन बसणाऱ्या पाहुण्यांचा मला पुरेसा अनुभव असल्याने येथे मी निकॉनचे दोन गुण कापले.

खरी अडचण अकराव्या मुद्द्यावर आली. अकरावा मुद्दा सेन्सरचा होता. निकॉनचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, सोनीचाही, केसभराचा फरक सोडल्यास, तेवढाच. निकॉनचे चोवीस मेगापिक्सेल, सोनीचेही चोवीस. थोडक्यात, फोटो ज्याच्यावर उमटतो तो भाग दोन्हीकडे जवळपास सारखा होता, आणि इतके दिवस दोन तटांत जे रण माजले होते ते फोटो कसा येतो यावर नसून, तो येण्यापूर्वी त्याच्याकडे कसे पाहावे यावर होते. हे ज्या दिवशी कळले त्या दिवशी शहाण्या माणसाने तक्ता बंद केला असता. मी त्यात आणखी सोळा मुद्दे भरले.

त्यांतला एक लेन्सचा. निकॉनच्या डीएसएलआरचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचे तोंड, १९५९ पासून चालत आलेला आहे. लेन्स जिथे बसते तिथून सेन्सरपर्यंतचे अंतर त्यात ४६.५ मिलिमीटर असते, कारण मध्ये आरशाला हलायला जागा लागते. आरसा गेला, की ही जागाही वाचते. निकॉनने २०१८ मध्ये मिररलेससाठी जो झेड माउंट काढला त्यात हे अंतर १६ मिलिमीटरवर आले. साहजिकच जुनी लेन्स मधली पोकळी भरणारा जोड लावून नव्या कॅमेऱ्यावर बसवता येते, पण नवी लेन्स जुन्यावर चालत नाही. हा सिद्धान्त मी जेवताना समजावून सांगत असता, "म्हणजे सासूचे दागिने सुनेला होतात, सुनेचे सासूला होत नाहीत," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि मला भात वाढला. एवढ्या कमी शब्दांत हे मला कोठेही वाचायला मिळालेले नाही.

मेहुण्यांनी आपली एक जुनी निकॉन लेन्स मला देऊ केली होती, आणि तक्त्यात तिच्या नावाने डीएसएलआरच्या खात्यात दहापैकी दहा जमा होते. पुढे असे निष्पन्न झाले, की त्या काळच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी५६०० मध्ये ती नाही. म्हणजे लेन्स बसली असती, पण फोकस हाताने फिरवावा लागला असता. मेहुण्यांनी लेन्स देताना एवढे औदार्य का दाखवले, याचा उलगडा झाला.

शेवटचा मुद्दा पार्श्वभूमीचा. सेन्सर मोठा आणि लेन्स लांब असली, की समोरची वस्तू स्पष्ट येते आणि मागचे सगळे विरघळल्यासारखे धूसर होते. मोठा कॅमेरा घेणारी माणसे मुख्यतः याच धूसरपणासाठी पैसे मोजतात. हे ऐकून सौभाग्यवती काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, धूसर फोटो तर तुम्ही मोबाइलवरही काढता."

तक्त्याची बेरीज एप्रिलच्या अखेरीस झाली. निकॉन १९३, सोनी १९३.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघे बोराबाजारला गेलो. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्याच बोरीबंदरला ठाण्याहून जाताना काही ऐतिहासिक भावना दाटून येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात भायखळ्यापर्यंत माझा एकच पाय जमिनीवर होता. दुकानदाराने "या काका" म्हणून स्वागत केले. मी त्याला तक्ता दाखवला. त्याने तो आदराने बाजूला ठेवला, दोन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले आणि म्हणाला, "काका, आधी डोळ्याला तर लावून बघा."

येथे मला एका खासगी उणिवेचा उल्लेख करणे भाग आहे. मला उजवा डोळा मिटता येतो, पण डावा एकट्याने मिटत नाही. ज्या वयात ही विद्या मुले तलावपाळीच्या कठड्यावर बसून आपोआप आत्मसात करतात, त्या वयात मी घरी पाढे पाठ करत होतो. परिणामी मी कोणत्याही भोकातून डाव्याच डोळ्याने पाहतो. अल्फा ६४०० चा व्ह्यूफाइंडर कॅमेऱ्याच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात आहे. उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक तिथे सुखरूप बाहेर राहते. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक मात्र मागच्या पडद्यावर येऊन टेकते. हा पडदा स्पर्शाने चालणारा होता, आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहत असतानाही त्यावर बोट फिरवून फोकस हलवण्याची जी सोय त्यात असते, ती दुकानातल्या त्या नमुन्याच्या कॅमेऱ्यावर कोणीतरी चालू करून ठेवलेली होती.

मी दुकानदाराच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला. फोकस छताच्या पंख्यावर गेला. मी मान किंचित खाली केली. तो भिंतीवरच्या तसबिरीवर स्थिरावला. श्वास सोडला, तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीवर. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, हे मला लहानपणापासून सांगण्यात आले होते. परंतु तो उपदेश इतक्या शब्दशः घ्यायचा असतो, हे त्या दिवशी उमगले. सत्तावीस मुद्द्यांत वजन होते, बॅटरी होती, सेकंदाला किती फोटो निघतात तेही होते, नाक नव्हते. आमच्या घराण्याचे नाक तर आजोबांपासून नावाजलेले आहे. मोती कितीही पाणीदार असला, तरी तो आधी नाकाला झेपायला हवा.

"काका, ते सेटिंग बंद करता येतं," दुकानदार म्हणाला, आणि त्याने ते करूनही दाखवले. ते खरे होते. पण विश्वास एकदा उडाला, की तो सेटिंगने परत येत नाही. मी निकॉन उचलला. त्याचा व्ह्यूफाइंडर मधोमध होता, डोळा टेकवताच मागचा पडदा विझला, आणि नाकाला त्यावर तेलाचा ठिपका उमटवण्यापलीकडे काही करता येईना. मी बटण दाबले. 'खटाक्' झाले. शेजारच्या गिऱ्हाइकाने दचकून पिशवी जवळ ओढली. मेहुणे म्हणत होते ते खरेच होते, समोरच्याला कळते.

मी निकॉन घेतला, दोन लेन्सच्या जोडीसकट. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही, हे सहकारी मला अजूनही अधूनमधून ऐकवतो. मी त्याला माझे नाक दाखवतो.

पक्षी मात्र तोपर्यंत निघण्याच्या तयारीत होते. पहिल्या मोकळ्या रविवारी बोटीच्या वेळा विचारायच्या, असे ठरले, आणि त्या रविवारी सौभाग्यवतींच्या माहेरचे लग्न होते. त्यानंतर पाऊस. ठाण्याच्या पावसात लेन्सला आतून बुरशी धरते, असे सगळ्यांनी बजावल्यामुळे कॅमेरा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवायचे ठरले. घरात तशा झाकणाचे दोनच डबे होते आणि दुसऱ्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून घेतलेले सोडे होते. दोन्ही डबे एकाच फडताळात शेजारी शेजारी राहिले. बुरशी धरली नाही, हे मी नमूद करतो. वासाबद्दल बोलत नाही.

जुलैच्या एका दुपारी, काहीतरी टिपलेच पाहिजे या भावनेने मी सोड्यांचा डबा उघडला, ते एका ताटात पसरले, ताट खिडकीशी ठेवले, लांब लेन्स लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि अगदी पुढच्या एका सोड्यावर फोकस धरला. फोटो अप्रतिम आला. त्या एका सोड्याची वळी न् वळी दिसत होती आणि मागचे सगळे ताट फिक्या गुलाबी धुक्यात विरून गेले होते. मी सौभाग्यवतींना हाक मारली. हात पुसत त्या आल्या, त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला, पुष्कळ वेळ पाहिले, मग खिडकीतल्या ताटाकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे.

"बाकीचे कुठे गेले?" त्या म्हणाल्या. "मी पाव किलो मोजून ठेवले होते."