वेटसूट म्हणजे शाळेचा गणवेश नव्हे

आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय : "वजन उतरवताय आणि तारकर्लीला स्कूबा शिकायचंय? सगळा सेट आत्ताच घ्या. वेटसूट (डायव्हिंगचा अंगालगत बसणारा रबरी पोशाख) दोन मापं लहान घ्या, बारीक व्हायला हुरूप येईल. जाड माणसाला शिसं लागत नाही. मास्क कुठलाही चालतो, पट्टा आवळायचा. आदल्या दिवशी लंघन करा." दीड वर्षात मी 98 किलोंवरून 84 वर आलो आणि त्याच काळात डायव्हिंगही शिकलो. म्हणून हे मुकाट्यानं वाचवत नाही.

आधी शिसं, म्हणजे पाण्याखाली राहायला अंगावर बांधायचं वजन, कारण तो सल्ला सगळ्यात घातक. विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा. पोट सुटलेले काका पाठीवर निवांत पडून राहतात आणि किडकिडीत पोरगं हातपाय मारत बसतं. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. वेटसूटच्या निओप्रिन नावाच्या रबरामध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, तोही वरच ओढतो. शिवाय पाठीवरची 200 बार दाबाची हवेची टाकी 50 बारवर येईपर्यंत सुमारे दोन किलो हवा संपते, टाकी तेवढी हलकी होते. शिसं कमी असेल तर वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, ते थांबणंच जमत नाही, माणूस बुचासारखा वर येतो. मला सुरुवातीला आठ किलो शिसं लागायचं, आता सहा. म्हणून दर वेळी तपासायचं : जॅकेटमधली (तरंगायला कमीजास्त हवा भरायचं, टाकी अडकवायचं जॅकेट) हवा काढून नेहमीसारखा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं, सोडला की आपण हळूच खाली जावं. तलावात बसवलेला हिशोब समुद्रात चालत नाही. खारं पाणी जास्त उचलतं, माझ्या अंगामानानं तिथं अडीच-तीन किलो वाढवावेच लागतात.

आता वेटसूट. सोलापूर गणवेशांचं गाव, पोराला वाढत्या अंगाचा गणवेश घ्यायची आपल्याला सवय. इथं घटत्या अंगाचा घ्या म्हणतात! अंग आणि सूट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेनं तापतो, म्हणून थंडी कमी वाजते. सूट ढगळ झाला की प्रत्येक हालचालीला गार पाणी पाठीतून आत शिरतं. एकदा मला भाड्यानं तसाच मिळाला होता, दुसऱ्या डाइव्हला दात वाजत होते. आणि दोन मापं लहान घेतलात तर छाती आवळून दम पुरत नाही, मानेवर दाब आला की गरगरतं. वजन काही महिने एका जागी थांबेपर्यंत सूट भाड्यानंच घ्या, तोही घालून बघून. जॅकेटचंही तेच.

मास्क मात्र खुशाल आत्ता घ्या, पण कुठलाही नाही. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलकेच श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट रबराची कड दुमडते. माझा मिशीपाशी गळायचा. नाकाखाली बोटभर मिशी कातरली आणि थांबला. फिन्सही, म्हणजे पायात घालायची वल्ही, घेता येतील, पावलाचं माप फारसं बदलत नाही. रेग्युलेटरला, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या यंत्राला, अंगाचं माप नसतं, पण त्याची नियमित सर्व्हिसिंग लागते. वर्षातून दोनदा समुद्र गाठणाऱ्यानं इतक्यात त्यात पैसे घालू नयेत.

लंघन तर मुळीच नको. उपाशी पोटी हातपाय गळतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो असं मानतात. मी सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेतो, बोटीच्या दोन तास आधी दह्यात कालवून खातो, वर तांब्याभर पाणी पितो.