अ‍ॅन आर्बरचा दुसरा फुटबॉल

परवा अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी, आमच्या कट्ट्यावर (इथे कट्टा म्हणजे कुणाच्या तरी बेसमेंटमधला चहा) पुन्हा तेच रडगाणं. "या अमेरिकनांच्या फुटबॉलमध्ये फूट कुठाय? दोन पावलं पळतात नि थांबतात. खरा फुटबॉल इथे नाहीच बुवा." बोलणारे कोण, तर शनिवारी पहाटे उठून इंग्लंडची प्रीमियर लीग बघणारे आमचेच दोस्त. मी कोल्हापूरचा, त्यातून शिवाजी पेठेतला. मला गप्प बसवलं नाही.

आधी त्या 'बिग हाउस'बद्दल. मिशिगन युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम, 1927 सालचं, बरंचसं जमिनीत खोदून बांधलेलं. गेटातून आत शिरलं की पायाखाली प्रचंड विहीर उघडावी तसं वाटतं. जागा 1,07,601. 1,07,600 वरची ती एक जागा म्हणे जुने कोच फ्रिट्झ क्रिसलर यांच्या मानाची. नेमकी कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि गावाची वस्ती? 2020 च्या जनगणनेत जेमतेम सव्वा लाख! सामन्याच्या शनिवारी लोक आपल्या अंगणात गाड्या लावून घेतात नि पैसे कमावतात, समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या हिरवळीवर शेगड्या पेटतात, सकाळी नऊला बिअर उघडते. 2021 च्या नोव्हेंबरात भर बर्फात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला 42-27 हरवलं, तेव्हा अख्खी गर्दी मैदानात उतरली होती. जोतिबाची चैत्र यात्रा बघितलेल्या माणसाला हे समजायला नियम यावे लागत नाहीत. मला अजून धड येत नाहीत.

तेव्हा त्या खेळाला नावं ठेवण्यात मला रस नाही. माझं भांडण आपल्या मंडळींशी आहे.

2014 ला याच स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रिआल माद्रिद हे युरोपातले बडे क्लब आपला पायाचा फुटबॉल खेळले. कृत्रिम मैदानावर खास खरं गवत अंथरलं, 1,09,318 माणसं आली. 2018 ला लिव्हरपूलनं युनायटेडला 4-1 असं धुतलं, त्यात शकिरीनं हवेत उलटं होऊन मारलेला गोल. तेव्हा आपली पोरं भरमसाट डॉलर मोजून, जर्सी घालून हजर. पण हे सगळे सीझनआधीचे सराव सामने होते हो! पाहुणे आले, हात हलवून गेले.

आणि गावाचा स्वतःचा फुटबॉल क्लब? एएफसी अ‍ॅन आर्बर, 2014 पासून आहे. अ‍ॅन आर्बर म्हणजे 'ट्री टाउन', म्हणून क्लबचं टोपणनाव 'मायटी ओक', म्हणजे बलाढ्य ओक वृक्ष. सुरुवातीला खेळायचे कुठे, तर त्याच पायोनियर हायस्कूलच्या मैदानावर, बिग हाउसच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे! सीझन मे ते जुलै, कारण बहुतेक खेळाडू कॉलेजची पोरं, उन्हाळ्याच्या सुट्टीतली. पगार नाही, पगार घेतला तर कॉलेजकडून खेळणं धोक्यात येतं. आपल्यातल्या किती जणांनी एक तरी सामना पाहिलाय? मी विचारलं. बेसमेंटमध्ये नुसता चहाचा आवाज.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ड्रम वाजवणारी पंधरा-वीस माणसं, गोलकीपरच्या कानात बसतील अशा शिव्या, आणि कुंपणावरून उडालेला बॉल आणायला पळालेला माझा सहा वर्षांचा मुलगा. बॅकनं (बचावपटूनं) बॉल घेताना त्याच्या डोक्यावर टपली मारली. मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची पायरी आठवली. तिथे शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची मॅच असली की समोर पळणारा पोरगा आपल्याच गल्लीतला असतो, चुकला तर संध्याकाळी तालमीत त्याला गाठून जाब विचारता येतो. टीव्हीवरच्या स्टार खेळाडू मोहम्मद सालाहला काय विचारणार, कप्पाळ?

आमच्या मित्राचं म्हणणं, "दर्जा नाही रे." नसेल. पेठेतल्या मॅचचा दर्जा बघून कोण जात होतं?

मे महिन्यात पुन्हा सुरू होईल. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या असतात. शेंगा मी आणतो.