बसल्या जागचं वावर

काल दुपारी मी परसात, मधोमध भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलो असताना शेजारच्या काकाजींनी माझं सगळं धान्य विकून टाकलं. घरातलं नाही, लॅपटॉपवरच्या खेळातलं. पण राग तेवढाच आला आणि अजून उतरलेला नाही.

गुडघ्याचं थोडक्यात उरकतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून जीभ झिजली. पावसात ओल्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाय चिखलात रुतला, पाय तिथंच राहिला आणि वरचा मी फिरलो. आतली दोरी तुटली. डॉक्टरांच्या भाषेत एसीएल. नागपूरला दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीमागच्या स्नायूची एक दोरी काढून गुडघ्यात ओवली. ती हाडात मुरायला महिने लागतात, वावरातली कामं सहा ते नऊ महिने विसरा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. ऐन डवरणीत.

खाली बसता येत नाही, म्हणून ती खुर्ची. गावात कमोड कोणाकडे आहे, हे विचारत फिरण्यापेक्षा आमच्या सुतारानं लग्नातल्या खुर्चीला करवतीनं भोक पाडून दिलं. ती एकदा चुकून ओसरीत आली आणि पाहुण्यांना बसायला दिली गेली. कोणते पाहुणे ते लिहीत नाही, सोयरीक आहे.

भेटायला येणाऱ्यांचा एक वेगळाच जाच. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. पाय आधी पूर्ण सरळ झाला पाहिजे, नाहीतर जन्मभर वाकडा चालशील. येणारी प्रत्येक मावशी आल्या आल्या माझ्या गुडघ्याखाली उशी सरकवते. मायेनं. मी काढतो, ती परत सरकवते. सांगितलं तर म्हणते, "डाक्टरले काय कळते, त्याचा गुडघा दुखते का?" यावर उत्तर नाही.

शिवाय बसलेल्या माणसाला काम देणं हा आमच्या घरचा धर्म. लसूण सोला. तूरडाळ निवडा. या फॉर्मवर सही करा, त्या मोबाइलवर ओटीपी पाहा. सालदार मला विचारून कामाला जायचा, तो आता बायकोला विचारून जातो आणि जाताना माझ्याकडे पाहून "आराम करा भाऊ" म्हणतो. हे "आराम करा" मला फार लागतं.

अशात भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपमध्ये १९९९ सालचा एज ऑफ एम्पायर्स टू हा खेळ होता. सुरुवातीला तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि मधोमध एक मोठी इमारत मिळते. गावकऱ्यांकडून मेंढरं कापून घ्यायची, बोरं तोडून घ्यायची, लाकूड, सोनं, दगड जमवायचा, वावरं करायची, त्यातून फौज काढायची आणि दुसऱ्याचं राज्य पाडायचं. मला त्यात एकच गोष्ट आवडली. तिथं माझं ऐकतात. जा म्हटलं की जातात. कोणी उशी सरकवत नाही.

पण काकाजी आहेत ना.

काकाजींचं वावर माझ्या वावराला लागून. धुऱ्यावरून आमच्या घराण्यांच्या दोन पिढ्या एकमेकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या पिढीत बोलणं सुरू झालं आणि आता थांबत नाही. जेवण झालं की ते येतात, माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात आणि लॅपटॉपकडे पाहतात. पहिल्या दिवशीचा संवाद असा:

"हे कोन होत बाबू?"

"गावकरी आहेत काकाजी."

"कोन्या गावचे?"

"इंग्लंडचे."

खर्रा घोटणं थांबलं. मी ब्रिटन्स घेऊन खेळत होतो. त्यांचे मेंढपाळ चपळ असतात आणि तिरंदाज लांबून मारतात, एवढाच माझा स्वार्थ. पण आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाजूचं.

"आपल्या आष्टीत ४२ साली लोकाईनं छातीवर गोळ्या घेतल्या, आन तू घरी बसून इंग्रजाचं राज्य वाढवून राह्यला?"

"काकाजी, हे फार जुने इंग्रज. हजारेक वर्षांपूर्वीचे. तेव्हा ते इकडे आलेच नव्हते."

"मंग आत्ताच मार ना त्यायले!"

इतिहासाकडे इतक्या व्यवहारी नजरेनं पाहणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. त्या जुन्या खेळात तेरा लोकांची राज्यं आहेत, पण आपल्याकडचं एकही नाही. शेवटी तडजोड म्हणून मी इराणवाले घेतले, कारण त्यांच्याकडे हत्ती आहेत. हत्ती पाहून काकाजी जरा निवळले.

मग त्यांचं लक्ष वावरांकडे गेलं. या खेळात वावर करायला साठ लाकडं लागतात. बस. एक गावकरी त्यात सोडला की तो मुकाट पीक काढत राहतो.

"बियानं?"

"नाही लागत."

"खत? फवारा?"

"नाही."

"पानी?"

"नाही."

"मंग पावसाच्या भरोशावर हाय म्हना."

"पाऊस पडतच नाही काकाजी."

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. "सोसायटीचं कर्ज?"

"नाही."

"रोही, डुकरं?"

"डुकरं आहेत. पण पिकात घुसत नाहीत. आपणच जाऊन त्यांना मारायचं आणि खायचं."

"वनखात्याचा मानूस येत नाही?"

"नाही."

"हे कायचे गावकरी!" म्हणाले आणि खर्रा तोंडात टाकला. एकाला लागून एक वावरं आखलेली पाहून त्यांना अजून एक प्रश्न पडला: मधे धुरा नाही तर ही माणसं भांडतात कशावरून? मी म्हटलं, आपसात भांडत नाहीत, म्हणून तर शेजारचं राज्य लागतं.

त्यांना सगळ्यात आवडलेली चीज म्हणजे रिकामा गावकरी दाखवणारं बटण. दाबलं की जो कोणी हात बांधून उभा आहे त्याच्यावर पडदा नेमका जाऊन थांबतो. "असं बटन आपल्या ग्रामपंचायतीत पाह्यजे," काकाजी म्हणाले. आतून बायकोचा आवाज आला, "दाबलं तं आपल्याच खाटेवर येऊन थांबन."

पण घात केला तो बाजारानं. खेळात एक मार्केट बांधता येतं. तिथं धान्य, लाकूड, दगड शंभर-शंभरच्या मापानं विकून सोनं घेता येतं, सोनं देऊन परत विकतही घेता येतं. मला परवा काय दुर्बुद्धी सुचली, मी ते काकाजींना समजावून सांगितलं.

"शंभर धान्य विकलं की सत्तर सोनं मिळतं."

"तीस कोनाचे?"

"दलाली."

"शेकडा तीस?" त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला. काकाजी चष्मा फक्त सातबारा वाचायला आणि लग्नपत्रिकेत आपलं नाव शोधायला लावतात. "आन तेच परत घ्यायले गेलं तं?"

"एकशेतीस."

"हा खेळ बनवनाऱ्याचं घर मार्केट यार्डात हाय का?"

मी त्यांना धीर दिला की पुढच्या युगात एक शोध असतो, तो लावला की दलाली निम्मी होते. त्यासाठी धान्य आणि सोनं आधी मोजावं लागतं.

"म्हंजे दलाली कमी कराची बी दलाली."

"हो. आणि प्रत्येक वेळी विकलं की भाव दोन-तीनानं उतरतो."

यावर ते काही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी पडलो पेशंट.

काल मी हत्ती काढायच्या तयारीत होतो. धान्य भरपूर साठवलेलं, कारण एकेका हत्तीला सोन्याहून धान्यच जास्त लागतं. आणि तेवढ्यात परसात जायची वेळ आली. आता माझं परसात जाणं म्हणजे पट्टा घट्ट करा, कुबड्या घ्या, उंबरठा ओलांडा, दोन पायऱ्या उतरा (आधी दुखरा पाय, चढताना आधी चांगला), खुर्ची सावलीत आहे का पाहा, आणि मग ज्याला जी घाई असेल ती करा. परत येईपर्यंत वेळ गेला. येऊन पाहतो तर काकाजी माऊस धरून बसलेले, कपाळावर घाम, आणि धान्याच्या खान्यात शून्य.

"काकाजी! हे काय केलं?"

"विकलं."

"सगळं?"

"भाव पडून राह्यला होता बाबू! सत्तर होता, एक डाव दाबलं तं उतरला. म्हटलं, अजून उतरायच्या आधी काढून टाकावं. अजून दाबलं तं अजून उतरला. मंग थांबलोच नाही."

"अहो, तुम्ही विकत होतात म्हणून तो पडत होता!"

काकाजींनी चष्मा काढला, पुसला आणि लहान पोराला सांगावं तसं मला सांगितलं, "आपन विकतो तवाच पडते."

सोन्याचा ढीग लागलेला आणि एक गावकरी काढायला पन्नास धान्य नाही. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. शेजारच्या राज्याची लाल फौज आली आणि तिनं माझं मार्केट आधी जाळलं. काकाजींना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मी त्यांच्यावर ओरडलो, हे खरं. पण ते विकत का सुटले ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच नीट रागावताही येत नाही. काकाजींनी २०२० च्या हंगामात सोयाबीन निघाल्या निघाल्या क्विंटलला चार हजाराच्या आतबाहेर देऊन टाकलं. पोरीचं लग्न होतं. पुढच्या वर्षी, २०२१ च्या पावसाळ्यात, भाव दहा हजारांवर गेला. ज्यांनी ठेवलं होतं त्यांच्या दारात ट्रॅक्टर आले. तेव्हापासून काकाजींनी सोयाबीन घरात ठेवायला सुरुवात केली. पोत्यांच्या थप्पीमागं त्यांची खाट, थप्पीवर मांजर. आणि भाव तिथवर परत गेलाच नाही. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४८९२ होता. तो कागदावर होता. खरेदीला नोंदणी, ओलावा, बारदाना, आज नाही उद्या या. काकाजींनी थप्पी उन्हाळ्यापर्यंत सांभाळली आणि शेवटी चार हजारांच्या आसपास व्यापाऱ्याला दिली. ठेवलं तरी गेलं, विकलं तरी गेलं. २०२५-२६ साठी हमीभाव ५३२८ जाहीर झाला. हा आकडा काकाजींना सांगितला तर ते खर्रा थुंकायला बाहेर जातात. आणि मला म्हणतात, तुझ्या खेळात निदान भाव डोळ्यासमोर तरी पडते.

असो. माझा गुडघा बाजूलाच राहिला, तसा तो हल्ली सगळ्यांच्याच बोलण्यात बाजूला राहतो. व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपीवाली बाई आर्वीला बसते. गावात कोणी नाही, आजूबाजूच्या गावांतही नाही. म्हणजे ऑटो ठरवा, मागच्या सीटवर पाय लांब करून आडवे पडा आणि खड्डे मोजत जा. ती बाई मन लावून पाय वाकवते, कोनमापक लावते, "नव्वद झाला!" म्हणून खुश होते. त्याच खड्ड्यांतून घरी येईस्तोवर गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मग बर्फ लावा. बर्फ फ्रीजमध्ये, आणि फ्रीजची लाइन गेलेली. नागपुरात ऑपरेशन मिळतं हो, चांगलं मिळतं. त्याच्यानंतरचे सहा महिने कुठं मिळतात ते कोणी सांगत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून तीनदा फिजिओ घ्या." त्यांना मी आमच्या रस्त्याचा फोटो दाखवायला हवा होता.

फोटोवरून आठवलं. मला माझं वावर डोळ्यांनी दिसून किती दिवस झाले. सालदार म्हणतो, "मस्त हाय भाऊ," पण तो सगळ्यालाच मस्त म्हणतो. म्हणून आज सकाळी काकाजींना म्हटलं, कालचं जाऊ द्या, वावराकडे जाताय तर माझ्या सोयाबीनचा एक फोटो काढून पाठवा. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवरून तासाभरात फोटो आला. काय सोयाबीन! गुडघाभर उंच, गच्च, शेंगांनी लगडलेलं, तासात तणाचं पातं नाही. मी बायकोला हाक मारून दाखवला. म्हटलं, बघ, मी नसतानाही.

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. "आपल्या वावरात विहीर कवापासून हाय?"

काकाजींना फोन लावला. म्हटलं, काकाजी, हा तुमच्या वावराचा फोटो आहे.

"हो ना," ते म्हणाले. "तुझ्यात लय तण झालं बाबू. पाह्यला असता तं तुले उगाच तरास झाला असता. तू आराम कर."